तेहतीसच्या पुंगळ्या

विल्हो काकांचा ट्रक रानातल्या शिकारी कॅम्पच्या वळणावर दिसला, तसे हेल्मीचे बाबा खिडकीपासून बाजूला झाले आणि स्टोव्हमध्ये लाकडं कोंबू लागले. आपण कुणाची वाट बघत नव्हतो हे सगळ्यांना नीट कळावं, एवढाच त्यात उद्देश होता. स्टोव्ह आधीच इतका भरलेला होता की त्याचं दार लागत नव्हतं, आणि हेल्मीचा भाऊ रॉजर उकाड्याने बनियनवर आला होता. बाहेर नोव्हेंबरचा बर्फ पडत होता.

"कोण आलं बघ," बाबा म्हणाले.

"विल्हो काका आलेत."

"असं का. रस्ता चुकला असेल."

 काकांना आणायला हेल्मी स्वतःच तीन वेळा गेली होती आणि बाबांना ते चांगलं ठाऊक होतं.

हेइक्की आजोबांनी मरताना जी वाटणी केली, ती निस्काला आडनावाच्या या कुटुंबात अजूनही शहाणपणाचा कळस म्हणून सांगितली जात असे. रायफल थोरल्या आर्वोला, म्हणजे हेल्मीच्या बाबांना, साचे धाकट्या विल्होला. रायफल तेहतीसची, म्हणजे नळीचं भोक इंचाच्या तेहतीस शतांश. तिची काडतुसं आजोबा तरुण असतानाच दुकानांतून दिसेनाशी झाली होती, म्हणून त्यांनी तांब्याच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये एका मित्राकडून पोलादी साचे करून घेतले. पंचेचाळीस-सत्तर या रुंद तोंडाच्या काडतुसाच्या जाडजूड पितळी पुंगळ्या, म्हणजे रिकामी कवचं, कुठेही मिळतात. त्या या साच्यांतून एकामागून एक दाबत नेल्या की तोंड आवळत आवळत तेहतीसचं होतं. एकाकडे रायफल आणि दुसऱ्याकडे साचे, म्हणजे हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी दोघा भावांना दरवर्षी एका टेबलाशी बसावंच लागेल, असा आजोबांचा विचार. विचार उत्तमच होता. फक्त टेबल कुणाचं, हे सांगायचं राहिलं आणि आजोबा गेले.

बाबा म्हणाले, साचे घेऊन इकडे ये. काका म्हणाले, रायफल घेऊन तिकडे ये. दोघांच्या गॅरेजांमध्ये अंतर असं होतं की एकीकडून निघालेली मांस-बटाट्याची पेस्टी दुसरीकडे पोचेपर्यंत गरम राहावी. पण थोरल्याने धाकट्याच्या दारात जायचं, तर मग थोरलेपण कशाला हवं? आणि धाकट्याने तरी किती दिवस हाक मारली की धावत जायचं? पहिल्या वर्षी कुणीच गेलं नाही. दुसऱ्या वर्षी जाणं म्हणजे पहिल्या वर्षीचं चुकलं असं कबूल करणं झालं असतं. त्यानंतर काही करावं लागलंच नाही, अबोला आपोआप पिकत गेला. हेल्मीची आई गेली तेव्हा काका चर्चच्या बाहेर, पार्किंगमध्ये, टोपी हातात घेऊन ट्रकला टेकून उभे होते. आत आले नाहीत. बाबांनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि बाहेर गेले नाहीत. हेल्मी मात्र त्या दिवशी दोघांसाठीही कॉफी घेऊन फिरली होती, आत एकदा, बाहेर एकदा.

या सगळ्या वर्षांत बाबांनी हरणं मारली ती चारचौघांसारख्या साध्या रायफलने, आणि दरवेळी कॅम्पवर परत येऊन भिंतीवरच्या तेहतीसकडे बघून सुस्कारा टाकला. "त्याने साचे दिले असते तर," एवढं म्हणायचे आणि वाक्य सोडून द्यायचे. त्या अर्धवट वाक्यावर, काकांना न बोलावता, पोरांची दोन लग्नं आणि नातवंडांची बारशी निभावली होती. त्या रायफलला ते कुणाला हात लावू देत नसत. नळीच्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावलेली असे. बर्फ आत जाऊ नये म्हणून रानात सगळेच लावतात. बाबांची भिंतीवरही असे.

आता वसंतात बाबा हेल्मीकडे, मार्क्वेटला, कायमचे राहायला जाणार होते. डोळे अधू झाले होते, पायऱ्या जमत नव्हत्या. कॅम्पवरचा हा त्यांचा शेवटचा हंगाम. आणि म्हणूनच त्यांच्या वाढदिवसाला रॉजरने ग्लास उंच धरून जाहीर केलं की या वर्षी बाबा आजोबांच्या रायफलने हरीण मारतील, पुंगळ्या मिळवायचं काम माझं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. भावना दाटून आल्या असतील, असं सर्वांनी ठरवलं.

रॉजरला वडिलांविषयी प्रेम नव्हतं असं नाही. पण त्या रायफलविषयी जरा जास्त होतं. मूळच्या स्थितीतली, कुणी छेडछाड न केलेली ती रायफल बघायला संग्राहक दोन राज्यं ओलांडून येतील, हे तो जेवताना मीठ मागावं इतक्या सहज बोलून जाई. त्याची आणि हेल्मीची धाकटी बहीण जोआन हिलाही अचानक आजोबांची फार आठवण येऊ लागली होती, आणि आठवण आली की ती भिंतीवरच्या त्या खिळ्याखाली जाऊन उभी राही.

मग शोध सुरू झाला. रॉजरने एस्कनाबाच्या बंदूक-प्रदर्शनात एका म्हाताऱ्याकडून जुन्या पुंगळ्यांची पेटी आणली. त्या इतक्या जुन्या होत्या की नखाने दाबलं तरी तोंडाशी चीर जाई. इंटरनेटवरून मागवलेल्या निघाल्या भलत्याच, नावात तेहतीस होतं एवढंच साम्य. जोआनने तर खऱ्याखुऱ्या तेहतीसच्या पाच पुंगळ्या मिळवल्या. कुणीतरी त्यांना भोकं पाडून टेबललॅम्पची बैठक सजवली होती. तिने तो दिवाच विकत आणला आणि रॉजरसमोर लावून ठेवला. दर अपयशाच्या बातमीबरोबर बाबांचा चेहरा खुलत गेला. "नाही मिळत तर राहू दे रे," ते मोठ्या मनाने म्हणायचे. "नशिबात नाही."

हेल्मीला वाटलं, बाबा आपलं दुःख लपवतायत. ती उठली आणि काकांकडे गेली.

पहिल्यांदा काकांनी कॉफी दिली. दुसऱ्यांदा कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव दिला. तिसऱ्यांदा म्हणाले, "साचे माझ्या हातातून सुटणार नाहीत. साचे हवेत तर मी येणार. आणि मी त्याच्याशी बोलणार नाही, हे त्याला आधी सांगून ठेव."

तिने सांगून ठेवलं.  माझंही तसंच, असं बाबा म्हणाले.

काका दारातून आत आले ते लाकडी पेटी छातीशी धरून. त्यांनी रॉजरला मान डोलावली, जोआनला मान डोलावली, स्टोव्हलाही डोलावली. "हेल्मी," ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, इथे भट्टी पेटलीय. पितळ तापवायचंय, माणसं नाही."

"ऐकू येतं मला," बाबा म्हणाले. "हेल्मी, त्याला सांग, कान शाबूत आहेत."

कामाला साउनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, बाहेरची खोली पसंत पडली, कारण ती अंधारी होती आणि तापलेल्या पितळाचा रंग तिथे नीट दिसला असता. बाकावर साच्यांत पुंगळ्या दाबायचा प्रेस घट्ट बसवला. काकांनी पेटी उघडली. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन साचे होते, गंजाचा एक ठिपका नाही. तीस वर्षं कोणत्याही कामाला न आलेली ती वस्तू काकांनी दरवर्षी पुसून तेल लावून ठेवली होती. बाबा दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा काही आनंदी माणसाचा नव्हता.

पंचेचाळीस-सत्तरच्या रिकाम्या पुंगळ्या दुकानात नेमक्या संपल्या होत्या, म्हणून रॉजरने भरलेली काडतुसंच आणून, गोळ्या उपसून, निम्मी रिकामी केली होती. या कामाचं वर्णन त्याने इतक्या वेळा केलं की जणू तांबं आणि जस्त खणून पितळही त्यानेच ओतलं असावं. काकांनी एक पुंगळी उचलली, पुसटसं वंगण लावलं, पहिल्या साच्यात दाबली. तोंड थोडं आवळलं. दुसऱ्या साच्यात आणखी. इथे ते थांबले.

"आता तोंड तापवून मऊ करायचं," ते म्हणाले.

बाबांनी हेल्मीला सांगितलं की त्याला सांग, एवढ्याने काही होत नाही, सरळ तिसऱ्यात घाल. काकांनी हेल्मीला सांगितलं की त्यांना सांग, आवळलं की पितळ कडक होतं, तसंच दाबलं तर फाटतं. बाबांचं म्हणणं, आजोबा कधी तापवत नसत. काकांचं म्हणणं, आजोबा नेहमी तापवत, फक्त तेव्हा थोरले चिरंजीव बाहेर सिगरेट ओढत असत. हेल्मी दोघांच्या मध्ये स्टुलावर बसली होती आणि दोघांपैकी कुणीही तिने तोंड उघडण्याची वाट बघत नव्हतं. शेवटी बाबांनी पुंगळी हिसकावून स्वतःच तिसऱ्या साच्यात घातली आणि प्रेसचा दांडा ओढला. चर्र असा आवाज आला. बाहेर निघाली ती तोंडापासून खांद्यापर्यंत फाटलेली.

"झालं समाधान?" काका म्हणाले, थेट बाबांकडे बघून.

"हात थरथरतो माझा," बाबा म्हणाले. "तुझा नाही थरथरत?"

"थरथरतो. म्हणून तर घाई करत नाही."

एवढं बोलून गेल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण बोललो. पण आता ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. हेल्मी स्टुलावरून उठली, आणि तिला कुणी बस म्हणालं नाही.

दुपारपर्यंत दोघं तिथेच होते. बाबा पुंगळी चिमट्यात धरून तोंड ज्योतीत फिरवत, पितळावर निळसर झाक चढून खाली सरकू लागली की काका "बस" म्हणत, आणि पुंगळी पाण्याच्या तसराळ्यात चुर्र करत पडे. बूड तापू द्यायचं नाही, बूड नरम झालं तर रायफल तोंडावर फुटेल, हे काका दर पुंगळीला बजावत होते आणि दर पुंगळीला बाबा "माहितेय" म्हणत होते. दोन खांद्याशी चेमटल्या. वंगण जास्त झालं, असं काका म्हणाले. कुणी लावलं, असं बाबांनी विचारलं. हेल्मीने बाहेरून हे ऐकलं. आईच्या वेळी हे दोघं असे बोलले असते तर, हा विचार तिला आला, आणि राग इतका आला की तिने कॉफीचं भांडं जरा आपटूनच ठेवलं.

सहा चांगल्या निघाल्या. लांबी कातरून, कडा घासून काकांनी त्या ओळीने उभ्या केल्या. रॉजर आणि जोआन लगेच आत आले. इतका वेळ तापवायला, घासायला दोघांपैकी कुणीच फिरकलं नव्हतं. आता मात्र पहिला फोटो कुणी काढायचा यावर थोडं झालंच.

"बसते का बघ," काकांनी एक पुंगळी बाबांच्या हातावर ठेवली.

बाबांनी घरात जाऊन भिंतीवरून रायफल काढून आणली. सगळ्यांकडे पाठ केली. रायफलखालची तरफ खाली गेली, वर आली. "बसली," ते म्हणाले आणि पुंगळी परत दिली.

काका पुंगळीकडे बघत राहिले. "लगेच बसली?"

"बसली म्हटलं ना."

"नवी पुंगळी कधीच लगेच बसत नसे. वडिलांच्या रायफलचं काडतुसाचं घर फार तंग होतं. दर वेळी खांदा आणखी जरा मागे दाबावा लागायचा."

"तुझा हात सुधारला असेल," बाबा म्हणाले.

एरवी भावाकडून मिळालेली ही पहिली स्तुती काकांनी मिरवली असती.  या वेळी त्यांनी बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर बसवला, दारू मोजून घातली, पुढून चपटी गोळी बसवली. एकच काडतूस भरलं आणि म्हणाले, चला बाहेर.

बाबांच्या सबबी आता एकामागून एक बाहेर पडू लागल्या. उजेड कमी आहे. बर्फ आहे. उद्याच्या आधी आवाज केला तर हरणं पळतील. रॉजर प्रत्येक सबबीला हसून त्यांच्या पाठीवर थोपटत होता, बाबा किती हळवे झालेत म्हणून. हेल्मीने वडिलांचा चेहरा पाहिला आणि तिला पहिल्यांदा कळलं की ते दुःख नव्हतं. आठवीत, शाळेतून घरी फोन जाणार हे माहीत असताना, ती स्वतः अशीच उभी राहिली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काय झालंय?"

"काही नाही. थंडी आहे."

अंगणाच्या टोकाला, रेतीच्या चढासमोर, एक जुना बुंधा होता. काकांनी हात पुढे केला आणि बाबांनी, का कोण जाणे, रायफल त्यांच्या हातात दिली. कदाचित थकले असतील. काकांनी तरफ उघडून आत काही नाही ना बघितलं. मग नळी आतून स्वच्छ आहे का बघावी म्हणून, आजोबांनी शिकवलं होतं तसं, तोंडावरची काळी पट्टी सोलून काढली.

ते बघत राहिले. मग त्यांनी हातमोजा काढला आणि करंगळीचं टोक नळीच्या तोंडात घातलं. तेहतीसच्या नळीत मोठ्या माणसाची करंगळी जात नाही. काकांच्या करंगळीचं टोक सहज आत गेलं.

"कधी?" काकांनी विचारलं.

बाबा बुंध्याकडे बघत होते. "दुसऱ्याच वर्षी. विस्कॉन्सिनमध्ये एक जण होता. आतून कोरून पंचेचाळीस-सत्तर करून दिली."

"वडिलांची रायफल."

"पुंगळ्या कुठेही मिळतात म्हणाला."

"माझ्याकडे मिळत होत्या," काका म्हणाले. "पंधरा मिनिटांवर."

 सकाळपासून दोघा म्हाताऱ्यांनी खपून पंचेचाळीस-सत्तरच्या पुंगळ्या तेहतीसच्या केल्या होत्या, आणि ज्या रायफलसाठी केल्या तिला त्या पेटीतून काढल्या तशाच चालल्या असत्या. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं. रॉजरने अतिशय हळू आवाजात विचारलं की हे पुन्हा मूळसारखं करता येतं का. येत नाही, असं काकांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं. थोड्या वेळाने रॉजरला गाडीच्या टायरमधली हवा बघायची आठवण झाली. जोआनला आठवण झाली की आजोबा आपल्याला तसे फारसे आठवत नाहीत, आपण फार लहान होतो.

"किती हरणं मारलीस हिने?" काकांनी विचारलं.

"एकही नाही."

"खोटं."

"एकही गोळी झाडली नाही. करून आणली, घरी आलो, भिंतीवर लावली." बाबांनी नाक पुसलं. "कशी झाडणार? आवाज ऐकून कुणी विचारलं असतं, पुंगळ्या कुठून आल्या."

काका रायफल हातात धरून उभे होते. हेल्मीला वाटलं, आता ते ती बर्फात टाकतील आणि ट्रककडे चालू लागतील. तसं झालं असतं तर तिने त्यांना अडवलं नसतं. गेली कित्येक वर्षं ती याचा निरोप त्याला, त्याचा याला पोचवत आली होती, आणि आता तिच्याकडे पोचवायला काहीही उरलं नव्हतं. काकांच्या तोंडून एक घोगरा आवाज निघाला. खोकला असेल असं वाटलं. तो खोकला नव्हता. ते हसत होते, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यात राग किती आणि हसू किती हे सांगणं कठीण होतं.

"रॉजर," त्यांनी हाक मारली, "तू निम्मीच फोडलीस ना? उरलेल्यांतलं एक आण."

रॉजरने पंचेचाळीस-सत्तरचं भरलेलं काडतूस आणून दिलं. काकांनी ते रायफलमध्ये घातलं आणि रायफल बाबांपुढे धरली. "थोरला आहेस. आधी तू."

बाबांनी नेम धरायला इतका वेळ लावला की जोआन आत निघून गेली. बार उडाला, फांद्यांवरचा बर्फ खाली आला, आणि बुंधा होता तसाच राहिला. गोळी बहुधा चढाच्याही वरून गेली. बाबा खांदा चोळत म्हणाले, नेम डावीकडे ओढतोय. मग काकांनी दुसरं काडतूस मागवून एक गोळी झाडली. तीही बुंध्याला लागली नाही. उजवीकडे ओढतोय, असं काका म्हणाले. यावरून जो वाद सुरू झाला तो जेवण वाढेपर्यंत चालला, जेवताना चालला, आणि त्यात कुणालाही हेल्मीची गरज पडली नाही.

जेवणानंतर बाबांनी रायफल फडक्यात गुंडाळली आणि काकांच्या मांडीवर ठेवली. "तू ने," ते म्हणाले. "माझ्याकडे आता पुष्कळ वर्षं झाली."

काकांनी ती वरखाली करून पाहिली. "मी नेऊन काय करू? पंचेचाळीसचे साचे कुठे आहेत माझ्याकडे?"

बाबांना यावर हसू आलं, पण ते त्यांनी कॉफीच्या कपात दडवलं.

काकांनी रात्री इथेच राहावं हे कुणी सुचवलं नाही. ते कॉटवर बूट काढून बसले, एवढंच. उद्या पहाटे कोणत्या टेकडीवर बसायचं यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं होतं. काकांच्या घरी ऐली काकूंना कळवायला हवं म्हणून हेल्मी गाडी घेऊन चढावर गेली, जिथे फोन लागतो. झाडांच्या मागे सूर्य अजून थोडा होता.

"काका आज येत नाहीत," तिने सांगितलं. "उद्याही नाही बहुतेक."

"भांडले?"

"भांडतायत."

"म्हणजे बोलतायत," ऐली काकू म्हणाल्या.  मग काकूंनी विचारलं, "आर्वो कसा आहे गं?"

"म्हातारा झालाय."

"हा पण झालाय. जेवला का?"

"दोनदा वाढून घेतलं."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलं आणि आवाज पुन्हा नेहमीसारखा कोरडा केला. "त्याला सांग, कोटाच्या आतल्या खिशात गोळ्या आहेत. आणि तुझ्या वडिलांनाही बजावून ठेव, त्या रक्तदाबाच्या आहेत. रायफलमध्ये घालायला निघतील दोघं."